फादरांच्या घराचे दार

सामान्य काळातील सतरावा रविवार, २७ जुलै २०२५



आजच्या शुभवर्तमानात (लूक ११:१-१३) एक माणूस मध्यरात्री मित्राचे दार ठोठावतो. त्याच्याकडे अवेळी पाहुणा आला आहे आणि घरात भाकरी नाही. आतला माणूस अंथरुणातूनच उत्तर देतो की दार लावून घेतले आहे, लेकरे जवळ झोपली आहेत, आता उठणे होणार नाही. दर तीन वर्षांनी हा उतारा येतो आणि आम्ही धर्मगुरू त्यावरून प्रार्थनेत चिकाटी कशी असावी ते सांगतो. तो अर्थ बरोबरच आहे, प्रभूला तेच सांगायचे होते. पण आज मला बाहेर उभ्या असलेल्या माणसाबद्दल नाही, आत झोपलेल्या माणसाबद्दल बोलायचे आहे. त्याला मी ओळखतो.

निमित्त आपणा सर्वांना ठाऊक आहे. मे महिन्यात चर्चच्या आवारातून बोअरची मोटार आणि इन्व्हर्टरची बॅटरी चोरीला गेली. त्यावर पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत ठरले की आवाराला लोखंडी गेट बसवावे आणि रात्री नऊ वाजता त्याला कुलूप लावावे. कोणी विरोध केला नाही. मीही केला नाही. मोटार पुन्हा घ्यायला आपल्याकडे पैसे कुठे आहेत? पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितले होते. एक माझे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू आणि दुसरा तो तरुण, ज्याची आई वारली. त्याच्या परवानगीने आज तुम्हाला सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी दोन खेड्यांत मिस्सा झाली होती, मोटारसायकल चिखलात दोनदा अडकली होती, आणि मी जेवण न करताच आडवा झालो होतो. मोबाईल आवाज बंद करून ठेवला होता. रात्री दीड-दोनच्या सुमारास दार वाजले. मी ऐकले. मनात म्हटले, कोणीतरी पिऊन आला असेल, थोड्या वेळाने जाईल. पुन्हा वाजले. मी कुशीवर वळलो. मग पावसाचा जोर वाढला आणि मला झोप लागली.

सकाळी पायरीवर ओल्या पावलांचे ठसे होते आणि कोपऱ्यात कोणीतरी बराच वेळ बसून गेल्यासारखे दिसत होते. दहा वाजता तोच तरुण परत आला. त्याची आई पहाटे गेली होती. आजाऱ्यांच्या अभ्यंगाचा संस्कार नाही, शेवटचे ख्रिस्तशरीर नाही. ती बाई कितीतरी वर्षे गुडघ्यांचे दुखणे घेऊन चालत मिस्साला यायची. मी काही बोलण्याआधी तोच म्हणाला, “फादर, रातच्याला दार वाजिवलं होतं. पर पाऊस लई होता, तुम्हाला ऐकू आलं नसंल.”

त्याने मला कारण आणून दिले आणि मी ते घेतले. मान हलवली. दफनविधी केला, प्रवचनही केले. खरे सांगायला मला त्यानंतर पाच महिने लागले.

शुभवर्तमानातल्या त्या माणसाच्या अंथरुणात निदान लेकरे होती. माझ्या अंथरुणात कोण होते? धर्मगुरू लग्न करत नाही त्याची कारणे सेमिनरीत आम्हाला नीट शिकवतात, आणि त्यातले एक असे की तो सगळ्यांसाठी मोकळा असावा. मी मोकळा होतो, आणि उठलो नाही.

सेमिनरीत असताना तत्त्वज्ञानात गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच विचारवंताचा अभ्यास होता. दुसऱ्याच्या ‘हाताशी असणे’ यावर त्याने बरेच लिहिले आहे. एखादा माणूस तुमच्यासमोर बसलेला असतो, तुमचे ऐकतही असतो, आणि तरी तो तुमच्यासाठी तिथे नसतो. दुसरा लांब असला तरी तुमच्याबरोबर असतो. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. एवढेच.

आता या घराविषयी थोडे. मी या धर्मग्रामात आलो तेव्हा ऐकले की जुनी माणसे याला ‘बंगला’ म्हणतात. चार खोल्या, पत्र्याचा व्हरांडा, दर पावसाळ्यात गळणारे स्वयंपाकघर, आणि नाव मात्र बंगला. हा शब्द गोऱ्या मिशनऱ्यांच्या काळातला, नगरकडच्या जुन्या मिशनमधून आपल्याकडे आला असावा. त्या काळी खेड्यात दुसरे पक्के घर पाटलाचे नाहीतर साहेबाचे असायचे, म्हणून फादरांचे घरही बंगला झाले. शब्दाला मी हसलो होतो. मग लक्षात आले की अजूनही आपल्यातली काही माणसे चपला खाली गेटच्या जागेपाशी काढतात, पायरीवरच बसतात आणि आत या म्हटले की, “इथंच बरंय फादर” म्हणतात. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावातल्या कितीतरी उंबरठ्यांबाहेर उभे राहून बोलावे लागले, त्यांचे पाय माझ्या उंबरठ्याबाहेरही आपोआप थांबतात. याला मी नम्रपणा म्हणणार नाही. ही जखम आहे आणि ती माझ्या दारात उघडी पडते.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने धर्मगुरूंच्या सेवेवर आणि जीवनावर जो दस्तऐवज ७ डिसेंबर १९६५ रोजी काढला, त्याच्या सतराव्या परिच्छेदात धर्मगुरूच्या घराचा उल्लेख आहे. पुष्कळांना हे माहीत नसते. महासभेने म्हटले आहे की त्याचे घर असे असावे की कोणालाही, अगदी गरिबातल्या गरिबालाही, तिथे जायला भीती वाटू नये. जगभरचे बिशप रोममध्ये जमून धर्मगुरूच्या घरावर बोलतात, याचे मला पहिल्यांदा वाचले तेव्हा आश्चर्य वाटले होते. पण घर हा लहान विषय नाही. धर्मगुरू राहतो कसा यावरून लोक ठरवतात की तो जे बोलतो ते खरे की खोटे.

राहण्याचा प्रश्न ख्रिस्तसभेला जुना आहे. एक काळ असा होता की युरोपात एकेका धर्मगुरूच्या नावावर अनेक धर्मग्राम असायचे. उत्पन्न तो घ्यायचा, राहायचा शहरात, आणि गावातले काम स्वस्तात कोणाकडून तरी करून घ्यायचा. बिशपही आपल्या धर्मप्रांतात पाऊल न टाकता वर्षे काढायचे. शेवटी ट्रेंट येथील महासभेने १५ जुलै १५६३ रोजी ठरवले की ज्याच्याकडे लोकांची जबाबदारी आहे त्याने लोकांत राहिलेच पाहिजे. संत चार्ल्स बोरोमेओ १५६५ मध्ये मिलानला राहायला गेले, तेव्हा त्या शहराला कितीतरी वर्षांनी स्वतःच्या घरी राहणारा आर्चबिशप मिळाला.

तोच नियम आजच्या, म्हणजे १९८३ च्या, कॅनन लॉमध्ये ५३३ व्या कलमात आहे. प्रमुख धर्मगुरूने चर्चजवळच्या पॅरिशच्या घरात राहावे. वर्षातून एक महिना सुट्टी घेता येते. आठवड्याहून अधिक बाहेर जायचे तर बिशपना कळवावे लागते. कळवायचे का, तर तेवढ्या दिवसांत लोकांसाठी दुसरा धर्मगुरू हाताशी असावा म्हणून. वाचायला नोकरीच्या अटींसारखे वाटते. पण या कलमाच्या अवतीभोवतीची कलमे पाहा. ५२९ व्या कलमात सांगितले आहे की त्याने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतेत आणि दुःखात सहभागी व्हावे, आजाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची विशेष काळजी घ्यावी, गरीब, एकटे आणि आपल्या गावापासून तुटलेले यांच्याकडे लक्ष द्यावे. हे शेवटचे वाचताना मला आपली ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आठवतात. दिवाळीच्या आसपास ती कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्या महिन्यांत त्यांचे घर कोपीत असते आणि त्यांचा धर्मग्राम कुठला, हे कोणालाच सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. ५३४ व्या कलमाप्रमाणे प्रमुख धर्मगुरूला दर रविवारी आणि आज्ञेच्या सणांना एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातल्या लोकांसाठी अर्पण करावी लागते. त्या मिस्सासाठी तो कोणाकडून देणगी घेऊ शकत नाही. म्हणजे तुम्ही चर्चला आलात किंवा नाही आलात, भांडून गेलात, कारखान्यावर असलात, तरी दर रविवारी एक मिस्सा तुमच्या नावची असते. ती माऊली गेली त्यानंतरच्या रविवारी मी ही मिस्सा अर्पण केली तेव्हा तिचा मुलगा समोर तिसऱ्या बाकावर बसला होता.

मी स्वतःला झोडपून घेण्यासाठी हे लिहीत नाही. तसे केले की मन हलके होते आणि दार मात्र जसेच्या तसे राहते. प्रश्न असा आहे की एका माणसाने किती उघडे राहावे?

याबाबत आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातले एक घर आठवते. ते कॅथलिक नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते परके नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी ‘स्मृतिचित्रे’त त्या घराचे जे वर्णन केले आहे, ते प्रत्येक धर्मगुरूने वाचावे असे मी म्हणेन. टिळक उदार होते. कोणालाही घरी आणायचे, घरातले उचलून देऊन टाकायचे, अनाथ लेकरांना आसरा द्यायचे. आणि त्या सगळ्यांना रांधून वाढायचे कोणी? लक्ष्मीबाईंनी. त्या हसत हसत लिहितात, पण वाचणाऱ्याला कळते की एकाचे दार उघडे राहते तेव्हा चुलीपाशी दुसरे कोणीतरी बसलेले असते. मागच्या रविवारी मार्थेची गोष्ट वाचली तेव्हाही मला हेच वाटले. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी सात वाजता घरी जातात. कधी मी आठ जणांना जेवायला थांबवतो आणि मावशींना नऊ वाजतात. त्यांची सून मला काही म्हणत नाही, फक्त बघते. माझ्या औदार्याचे पैसे मावशी भरतात, हे आता मला समजले आहे.

पुढच्या सोमवारी, ४ ऑगस्टला, संत जॉन मेरी व्हियान्नी यांचा सण आहे. पोप पायस अकरावे यांनी १९२९ मध्ये त्यांना प्रमुख धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले. १८१८ मध्ये ते फ्रान्समधल्या आर्स या खेड्यात आले, तेव्हा तिथली वस्ती सुमारे अडीचशेची होती. मिळालेल्या घरातले चांगले सामान त्यांनी परत पाठवले. आठवड्याचे बटाटे एकदाच उकडून ठेवायचे आणि तेच खायचे. पुढे फ्रान्सभरातून माणसे पापनिवेदनासाठी येऊ लागली आणि ते दिवसातले दहा-बारा, कधी त्याहूनही जास्त तास त्या पेटीत बसू लागले. हे सगळे आपण दर वर्षी ऐकतो. आपण जे सांगत नाही ते असे की हे संत आर्समधून एकदा नाही, अनेकदा पळून गेले. १८४३ मध्ये ते रात्री निघून आपल्या भावाकडे गेले होते. १८५३ मध्ये पुन्हा निघाले, तेव्हा घंटा वाजवून लोक जमा झाले आणि त्यांना अडवले. ते परत आले आणि पुन्हा पेटीत बसले. १८५९ मध्ये त्याच घरात त्यांचे निधन झाले.

धर्मगुरूंचा आश्रयदाता संत हा पळून जाऊ पाहणारा माणूस होता, हे मला फार दिलासा देते. संत व्हियान्नींना फक्त देवाने रोखले नाही, गावानेही रोखले. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये निवडून आले तेव्हा पोपच्या महालात राहायला गेले नाहीत. सांता मार्ता या पाहुण्यांच्या निवासात राहिले आणि २१ एप्रिल २०२५ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. महालात न राहण्याचे कारण विचारले तेव्हा गरिबीचे मोठे व्रत म्हणून त्यांनी सांगितले नाही. आपल्याला एकट्याने राहवत नाही, माणसे लागतात, असे ते म्हणाले. आमच्यातले पुष्कळ धर्मगुरू हे बोलून दाखवत नाहीत. “फादर एकटे, त्यांना काय कमी,” असे लोक म्हणतात आणि आम्ही हसतो. संध्याकाळी सहानंतर या घरात घड्याळाचा आवाज ऐकू येतो. तेव्हा कोणी नुसते बसायला आले, काही काम नसताना, तरी चालते. आजवर जे आले ते सगळे दाखल्यासाठी आले. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, शाळेसाठी पत्र.

आपल्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट इथे सगळ्यांना माहीत आहे. जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटणे मारून त्यांनी कोणते मडके कच्चे ते सांगितले, असे म्हणतात. सेमिनरीतून बाहेर पडताना आम्हाला वाटते की भाजून झालो. भाजणे खरे पॅरिशमध्येच होते, आणि थापटणे तुमच्या हातात असते. त्या तरुणाने मारलेली थाप मला अजून ऐकू येते.

गेटविषयी आता स्पष्ट सांगतो. जाड भिंतींनी माणूस सुरक्षित होतो, असे आपल्या भागात तरी कोणी म्हणू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्यांनी पाहिली ते आपल्यात आहेत. गणेश विसर्जनाची रात्र संपत होती. सास्तूर, किल्लारी आणि भोवतालच्या गावांत दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. ज्या भिंतींच्या भरवशावर लोक निवांत झोपले होते, त्यांनीच घात केला. तरीही पुढे माणसांनी घरे बांधली, दारे लावली, कड्याही लावल्या. त्यात चूक काही नाही. मोटार चोरीला जाऊ नये असे मलाही वाटते.

म्हणून गेट बसवू. पण माझी एक अट आहे आणि ती कौन्सिलने मान्य केली आहे. गेटच्या बाहेरच्या बाजूला, लहान मुलाचाही हात पोहोचेल अशा उंचीवर, घंटीचे बटण असेल आणि तिची तार माझ्या खाटेच्या डोक्याशी येईल. वीज नसली तरी वाजावी म्हणून बॅटरीवर चालणारी घंटी घेतली आहे. मी खेड्यावर मुक्कामाला असलो तर मी कुठे आहे आणि जवळचे दुसरे धर्मगुरू कोण, हे गेटवरच्या पाटीवर खडूने लिहिलेले असेल. दोघांचेही फोन नंबर तिथे असतील.

तुमच्याकडूनही काही हवे आहे. आजाऱ्यांचा अभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, म्हणून शेवटच्या श्वासाची वाट पाहू नका. हा संस्कार मरणाऱ्यांसाठीच आहे असा समज अजून आपल्या खेड्यांत आहे. फादर तेलाची डबी घेऊन आले म्हणजे आता संपले, असे समजून घरची माणसे बोलवायला घाबरतात. मोठे ऑपरेशन असेल, दुखणे वाढले असेल, वय झाले असेल, तेव्हाच बोलवा. दिवसा बोलवा. बरे झाल्यावर पुन्हा आजारी पडलात तर तो पुन्हा घेता येतो. आणि नुकतेच जन्मलेले मूल जाण्याच्या बेतात असेल तर फादरांची वाट पाहत बसू नका. अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, सुईणबाई, नर्स, आजी, कोणीही. डोक्यावर पाणी ओतायचे, बाळाचे नाव घ्यायचे आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो असे म्हणायचे. नंतर मला कळवा, म्हणजे नोंद करता येईल. पुढच्या महिन्यापासून प्रत्येक खेड्यातल्या दोघा-तिघांना मी हे नीट शिकवणार आहे. नावे मिस्सानंतर द्यावीत.

व्हरांड्यात दोन बाकडी ठेवली आहेत. पायरीवर बसू नका. चपला घालून आत आलात तरी चालेल, फरशी पुसायला मी शिकलो आहे. मावशींना सात वाजता जाऊ द्यायचे आहे, तेव्हा त्यानंतर कोणी जेवणाच्या वेळी आले तर चहा आणि पिठले मी करीन. भाकरी मला येत नाही. ज्यांना येते त्यांनी शिकवावी.

घंटी बसवायला माणूस मंगळवारी येणार आहे. व्हियान्नींच्या सणाची मिस्सा सोमवारी, ४ ऑगस्टला, संध्याकाळी सहा वाजता आहे. आणि रात्री कोणी घंटी वाजवली तर कुत्रा भुंकेल. घाबरून परत जाऊ नका. तो बांधलेला असतो.

आपला प्रभूसेवक,
प्रमुख धर्मगुरू